द्राक्षातली मिरी

मे महिन्यात दादाची लेक आणि जावई नाशिकहून आमच्याकडे वेंगुर्ल्याला आले ते येताना टॉवेलात गुंडाळून शिराझ या रेड वाईनची एक बाटली घेऊन आले. जावई दिंडोरीकडचे, घरची द्राक्षबाग आहे, त्यातला एक तुकडा वाईनच्या द्राक्षांचा, आणि ती द्राक्षं दरवर्षी वायनरीला जातात. रात्री जेवणाआधी आम्ही खळ्यात खुर्च्या टाकून बसलो होतो, वारा साफ पडलेला, माडाची एक झावळ हलत नव्हती, आणि सरबताच्या काचेच्या ग्लासांत थोडी थोडी वाईन ओतून जावयांनी सगळ्यांच्या हातात दिली. थोरली काकी पडवीत बसून लसूण सोलत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, ती असल्या गोष्टींना हात लावत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण पुतणी लाडात येऊन म्हणाली, आजी नुसता वास तरी घे गं. काकीने ग्लास नाकाशी नेला, डोळे बारीक केले, परत एकदा वास घेतला आणि म्हणाली, "ह्येच्यात मिरी घातल्यानी काय रे?"

दादा म्हणाला, "नाय गे काकी, द्राक्षांचो रस तो, मिरी खंयसून येतली?" जावईही म्हणाले, आजी, शपथ सांगतो, द्राक्षाशिवाय काहीच नसतं त्यात. "माका वास येता. तुमका येत नाय तर मी काय करू?" असं म्हणून काकीने ग्लास परत दिला आणि लसूण सोलायला घेतली. मग विषय आंब्यावर गेला, यंदा मोहोर कसा जळला, पेटीचा भाव काय, मुंबईच्या मार्केटला काय चाललंय, आणि जेवायला पानं मांडली गेली.

माझ्या डोक्यातनं मात्र ते जाईना. कारण काकी हवेत काही बोलत नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडण्याआधी नुसतं फडकं हुंगून खार बिघडलाय का ते ती सांगते, बाजारातनं आलेली बांगड्याची पिशवी अजून मांडवात असते तेव्हा आतून ओरडते की कालचं मासळं घेऊन इलास. ऐंशी ओलांडलेल्या या बाईचं नाक आमच्या घरात सगळ्यांत मोठं शिक्षण आहे असं मला खरंच वाटतं. ती मिरी म्हणाली म्हणजे मिरी असणार. मग ती द्राक्षात शिरली कशी?

मिरी काय आहे ते काकीला कुणी सांगायला नको. परसात पोफळींवर चढवलेल्या मिरवेली आहेत, त्यातल्या जुन्या काकीने लग्न होऊन आल्यावर लावलेल्या, नंतर आमच्या बाबांनी पन्नियूर या सुधारित जातीची रोपं आणून पाणंदीच्या बाजूच्या पांगाऱ्यावर चढवली. पावसात वेलीला हिरवे घोस धरतात, आणि संक्रांतीच्या पुढे कधीतरी घोसातला एखाददुसरा मणी तांबडा झाला की शिडी लावून घोस उतरवायचे. मग ते हाताने चोळून मणी सोडवायचे, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढायचे म्हणजे रंग एकसारखा काळा येतो, आणि खळ्यात चटईवर वाळत घालायचे. त्या दिवसांत अख्ख्या घराला एक वास असतो, नुसता तिखट नाही, त्यात लाकूड असतं, माती असते, जरासं फुलासारखंही काही असतं, आणि उन्हं चढली की तो वाढत जातो. लहानपणी आम्ही पोरं त्या चटईभोवती कोंबड्या हाकलायला बसायचो, तेव्हा संध्याकाळी हाताला तोच वास. काकीने तो वास आयुष्यभर घेतलाय, किती वर्षं, किती पायली मिरी, त्याचा हिशेब नाही.

सगळे झोपल्यावर मी फोनवर शोधत बसले, रेंज आमच्याकडे खिडकीपाशीच येते, तर त्या खिडकीत उभी राहून वाचत राहिले. आणि वाचता वाचता अंगावर काटा आला.

शिराझ द्राक्षाला मिरीचा वास येतो हे वाईनवाले कधीपासून म्हणत आलेत, पण तो येतो कशामुळे हे कुणालाच सापडत नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या वाईन संशोधन संस्थेतली माणसं कितीतरी वर्षं त्याच्या मागे होती, आणि २००८ साली त्यांनी तो रेणू जाहीर केला, त्याचं नाव रोटंडोन. गंमत अशी की द्राक्षात तो इतका कमी असतो की पकडता येत नव्हता, म्हणून त्यांनी उलटा रस्ता धरला, खरी मिरी घेतली, तिच्यात कोणता घटक तो मुख्य वास देतो ते बघितलं, आणि तिथनं मग वाईनकडे वळले. रेड वाईनच्या एका लिटरमध्ये १६ नॅनोग्रॅम रोटंडोन असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. म्हणजे काकीने जे ओळखलं ते मिरीसारखं काहीतरी नव्हतं, ती मिरीच होती, मिरीत असतो तोच रेणू त्या ग्लासात होता! जिभेला जो झणका लागतो तो मिरीतल्या पायपरीनचा, ते काही वाईनमध्ये नसतं, त्यामुळे वाईन तिखट लागत नाही. पण वास तोच, अगदी तोच.

आणि पुढची गोष्ट तर मला अजून आवडली. हा रोटंडोन पहिल्यांदा सापडला होता तो मिरीतही नाही नि वाईनमध्येही नाही, तो १९६७ मध्ये लव्हाळ्याच्या गाठींत सापडला होता. लव्हाळा, आपला नागरमोथा, जो उपटून उपटून हात दुखतात पण जमिनीत एक गाठ राहिली तरी परत उगवतो तो. त्याच्या त्या काळ्या गाठी वाळवून कुटून दिवाळीच्या उटण्यात घालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीकडच्या वाफ्यातनं एक लव्हाळा मुळासकट काढला, गाठ फोडून वास घेतला, मातीचा वास आधी येतो पण मागनं तो दुसरा येतो, कोरडा, लाकडासारखा. नरकचतुर्दशीच्या पहाटेचा वास. पोफळीवरचा वेल, शेतातलं तण आणि घाटापलीकडचं द्राक्ष, या तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही, कुळ वेगळं, माती वेगळी, पाऊस वेगळा, आणि तरी तिघांनी आपापल्या परीने तोच एक रेणू बनवला.

काकीला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मगे? मी काय सांगी होतंय?" आणि कामाला लागली.

दादाचं काय, तर त्याला खरंच वास आलेला नव्हता. त्याला मी ती बाटली परत हुंगायला लावली, तळाशी थोडी उरली होती, तर तो म्हणाला जांभूळ येतंय, जरासं करवंद येतंय, मिरी नाही. हेही त्याच संशोधनात निघालं होतं की पाचातल्या साधारण एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही, पाण्यात कितीतरी जास्त प्रमाणात मिसळून दिलं तरी नाही. म्हणजे एकाच बाकावर एकच ग्लास घेऊन बसलेली दोन माणसं दोन वेगळ्या वाईन पीत असतात, आणि दोघंही खरंच बोलत असतात. दादाला मिरीचा वास येतो, तो मिरी ओळखतो, कारण मिरीत वासाची इतरही बरीच द्रव्यं आहेत, फक्त त्यातला हा एक सूर त्याला ऐकू येत नाही. मला ते ऐकून जरा वाईट वाटलं त्याच्यासाठी. लहानपणी त्या चटईशी बसून आम्ही दोघांनी जे हुंगलं ते एकच होतं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्या वाडीत दारूने काय केलंय ते मी बघत मोठी झाले. माडाच्या माडीवर भागत होतं तोवर एक वेळ ठीक होतं, पुढे काजूची आली, मग बाजारातल्या बाटल्या आल्या, आणि चांगली हातापायाने धड माणसं, होडीवर जाणारी, कलमांवर चढणारी, चाळिशीत संपली. त्यांच्या बायका माझ्या डोळ्यांसमोर आहेत. काकी बाटलीला हात लावत नाही त्याला कारण आहे, तिच्या माहेरचं एक माणूस त्यातच गेलं, ती ते बोलत नाही. त्यामुळे वाईनबद्दल इतकं प्रेमाने लिहिताना माझ्या मनात एक टोचणी कायम असते, आणि ती असावी असंच मला वाटतं. वाईन शेतमाल आहे, वाईन म्हणजे दारू नव्हे, वगैरे जे बोललं जातं ना, २०२२ मध्ये सुपरमार्केटात विकायला परवानगी द्यायचं निघालं तेव्हा तर किती बोललं गेलं, ते मला पटत नाही. १३-१४ टक्के अल्कोहोल असतो शिराझमध्ये, तो अल्कोहोलच. पण त्याच वेळी हेही खरं की त्या ग्लासात कुणाची तरी वर्षभराची शेती होती आणि काकीने ती शेती न पिता नुसत्या वासाने ओळखली. दोन्ही गोष्टी मी मनात शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत.

पुढच्या फेब्रुवारीत आम्ही दिंडोरीला गेलो, काकी नाही, मी आणि दादा. घाट चढून गेलं की पहिला फरक जाणवतो तो हवेचा. आमच्याकडे अंगाला चिकटणारी हवा, तिथे ओठ फुटतात. समुद्रापासून साधारण सहाशे मीटर उंचीवरचं पठार, दुपारी ऊन कडक आणि रात्री गोधडी लागते. जावयांनी बाग दाखवली. खाण्याच्या द्राक्षाची बाग मांडवावर असते, खालनं वाकून चालायचं आणि डोक्यावर घड लोंबतात, पण वाईनची द्राक्षं तारांवर उभी केलेली, कुंपणासारख्या रांगा, आणि शिराझचे घड लहान, मणी लहान, निळेकाळे, त्यावर पांढुरका थर. मी एक मणी तोंडात टाकला. गोडच गोड, आत बी, आणि साल जाड, चावली की दातांना तुरट लागते. रस मात्र पाण्यासारखा, त्याला रंगच नाही. जावई म्हणाले, आत्या, सगळा माल सालीतच असतो. रंग सालीत, तुरटपणा साल आणि बीत, वासाचं बरंचसं सालीत. म्हणून रेड वाईन करताना रस सालीसकट आंबवतात, आणि साली वर तरंगून येतात त्या दिवसातनं कितीतरी वेळा खाली दाबत राहायच्या. रोटंडोनही सालीतच असतो, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी एक मणी सोलून साल बराच वेळ बोटांत चोळली आणि हुंगली, काही बोलले नाहीत.

तिथे एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात आणि पावसाळा सरताना गोड छाटणी, म्हणजे वर्षातनं दोनदा वेल कापायचा आणि पीक एकदाच घ्यायचं. युरोपातल्या वेलीला बर्फात झोप मिळते, इथल्या वेलीला मिळत नाही, म्हणून तिला कात्रीने उठवावं बसवावं लागतं. गोड छाटणीनंतर पाऊस लांबला तर डाऊनी, थंडीत धुकं पडलं तर भुरी, दोन्ही बुरशीचेच रोग, आणि जानेवारीत निफाडकडे पारा उतरला की मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करायचा. हे सगळं जावई अगदी साधेपणाने सांगत होते आणि मला सारखं आठवत होतं की याच दिवसांत, याच जानेवारी-फेब्रुवारीत, आमच्याकडे मिरी उतरते. थंडीचा आणि या वासाचा संबंधही आहे, घड जितके थंडाव्यात आणि सावलीत पिकतात तितका रोटंडोन जास्त तयार होतो असं अभ्यासात दिसलंय, म्हणून गार मुलखातल्या शिराझमध्ये मिरी जास्त आणि तापलेल्या मुलखातल्या शिराझमध्ये जॅम जास्त. नाशिकच्या वाईनमध्ये दोन्ही असतं. ज्या वर्षी रात्री गार गेल्या त्या वर्षी मिरी वर येते असं जावयांचं म्हणणं.

हे द्राक्ष मूळचं नाशिकचं नव्हे हे तर उघड आहे. इराणच्या शिराझ शहरातनं ते आलं अशी कहाणी खूप वर्षं सांगत होते, पण १९९० च्या दशकाच्या शेवटी डीएनए तपासला तेव्हा त्याचे आईबाप दोघंही फ्रान्सचेच निघाले, द्युरेझा नावाचं काळं द्राक्ष आणि माँद्यूझ ब्लांश नावाचं पांढरं, दोन्ही आता जवळजवळ विसरलेली. ऱ्होन नदीच्या उतारावर ते वाढलं, तिथे त्याला सिरा म्हणतात, १८३२ मध्ये जेम्स बस्बी नावाच्या माणसाने युरोपातनं वेलींच्या काड्या गोळा करून ऑस्ट्रेलियाला नेल्या त्यात हेही होतं, आणि तिथनं मग जगभर. आपल्याकडे नारायणगावला शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात वाईन करायला घेतली आणि नाशिकला नव्वदच्या शेवटी राजीव सामंतांनी सुला वायनरी उभी केली, त्यानंतर शिराझ तिकडच्या रेड वाईनचं मुख्य द्राक्ष होऊन बसलं.

मिरीचं उलट. ती इथलीच, सह्याद्रीच्या पश्चिम उताराची, आणि ती इथनं जगात गेली. याच समुद्रावरनं. दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या बंदरांतनं मोसमी वारा धरून जहाजं यायची, त्यांतल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या बंदरांच्या यादीत आपलं कल्याण आहे, आपलं चौल आहे, आणि भडोचला काय काय माल उतरतो त्यात पहिल्यांदा वाईन आहे, त्यातही इटलीची जास्त पसंत असं म्हटलंय. घारापुरीला त्या वाईनच्या मातीच्या कुंभांची खापरं सापडलेली आहेत. आणि दक्षिणेकडच्या, केरळातल्या मुझिरिस बंदरातनं अशीच जहाजं मिरी भरून परत जायची. येताना द्राक्ष, जाताना मिरी. मी संध्याकाळी वेंगुर्ल्याच्या बंदरावर फिरायला जाते तेव्हा हल्ली हे डोक्यात येतंच, समोर दीपगृहाच्या बाजूला पाणी तापलेलं असतं आणि वाटतं, एवढी वर्षं ही दोघं एकमेकांच्या शेजारनं गेली की.

आता जेवणाचं. हे मला सगळ्यांत जास्त लिहायचं होतं, कारण वाईनबरोबर काय खावं हे जे छापलेलं असतं त्यात चीज, लॅम्ब, पास्ता, डार्क चॉकलेट असतं, आमच्या घरात यातलं काय शिजतं? आमच्याकडे आधी मासे. तर त्या मे महिन्यात जेवायला बांगड्याचं तिखलं होतं, तिरफळं घातलेलं, आणि शिराझचा घोट घेऊन वर बांगडा खाल्ला की तोंडात एक लोखंडी चव यायची, बांगडाही बिघडायचा आणि वाईनही. हे नुसतं आमच्या जिभेचं नव्हतं. २००९ मध्ये जपानमधल्या एका वाईन कंपनीच्या संशोधकांनी साठाहून जास्त वाईन शिंपल्यांबरोबर चाखून बघितल्या आणि त्यांना सापडलं की माशाची वशट चव वाढते ती वाईनमधल्या लोहामुळे, ज्या वाईनमध्ये लोह जास्त तिच्यात ही चव जास्त. बांगडा, तारली, पेडवे, हे तर तेलाचे मासे, त्यांच्याबरोबर शिराझ घेऊ नये असं मी सांगेन. भाकरी, भात आणि सोलकढी आहे की त्यांना, त्यांना कुणाची गरज नाही.

दुसरं म्हणजे मिरची. आपला मालवणी मसाला चांगला झणझणीत असतो, आणि मिरचीतलं कॅप्सायसिन आणि अल्कोहोल ही दोघं तोंडातल्या एकाच जागी, उष्णता ओळखणाऱ्या ठिकाणी जाऊन डिवचतात, त्यामुळे झणझणीत रस्सा आणि शिराझ एकत्र आले की नुसती आग होते, चव काही कळत नाही. सोलकढीही शेजारी नको, कोकमाच्या आंबटपणापुढे वाईन मुळमुळीत लागते आणि वर लसूण-हिरवी मिरची असते. सोलकढी शेवटीच, नेहमी घेतो तशी, तेव्हा ग्लास बाजूला गेलेला असतो.

मग काय चालतं? काळ्या वाटाण्याचं सांबार! मला हे सांगताना आनंद होतो कारण हे कुणी सुचवलं नव्हतं, घरात एकादशीच्या दुसऱ्या दिवशी काकीने केलेलं उरलं होतं आणि मी सहज त्याच्याबरोबर घेऊन बघितली. काळा वाटाणा मातकट असतो, त्यात कांदा-खोबरं अगदी चॉकलेटी होईपर्यंत भाजून केलेलं वाटप, दगडफूल, बडीशेप, आणि वाटप जरा जास्तच भाजलं गेलं की एक धुरकट कडवटपणा येतो तो, हे सगळं शिराझच्या लाकडी पिंपातल्या वासाला जाऊन मिळतं. खोबऱ्याचं तेल तुरटपणा खाऊन टाकतं. आंबोळी बुडवून खायची आणि मग छोटा घोट. ओल्या काजूगरांची उसळही चालते, तिखट बेताचं ठेवलं तर, काजूचा तो दुधाळ गोडवा वाईनला आवडतो. कोवळ्या फणसाची भाजी मला नुसती बरी वाटली, दादाला फार आवडली. वडे-सागुती मात्र मसाल्यावर अवलंबून, काकीच्या हातची चालते, बाजारच्या मसाल्याची नाही.

आणि वाईन गार करा. रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यायची असं जे म्हणतात ती रूम तिकडची, १६-१८ डिग्रीची. मे महिन्यात आमच्या माजघरात तेहेतीस असतं, त्यात शिराझ नुसती स्पिरिटसारखी नाकात जाते आणि मिरी बिरी काही हाती लागत नाही. पुतणीने बाटली कळशीत घालून विहिरीत सोडली होती, ती युक्ती मला फार आवडली, त्याने थोडा फरक पडतो पण पुरत नाही, फ्रीजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवायलाच हवी. आणि घाटातनं गाडीच्या डिकीत आणायची तर ओल्या टॉवेलात, दुपारी गाडी उन्हात उभी करायची नाही, वाईन शिजते.

वाईनच्या बाटलीवर मागे लिहिलेलं असतं ना, ब्लॅकबेरी, प्लम, व्हायलेट. यातलं ब्लॅकबेरी मी अजून ताजं खाल्लेलं नाही आणि काकीने तर नावही ऐकलेलं नाही. पण जांभूळ खाऊन जीभ निळी होते तेव्हा मागे जी तुरट चव राहते ती तिला माहीत आहे, कातळावरची करवंदं पिकली की दुपारच्या उन्हात त्यांचा जो वास येतो तो माहीत आहे, भाजलेलं खोबरं, वाळणारी मिरी, पहिल्या पावसाआधीची कोरडी जमीन, सगळं माहीत आहे. शिराझमध्ये यातलं पुष्कळ आहे. तिला चाखायला न लावता, फक्त हुंगायला देऊन, मी एकदा सगळं विचारून घेतलं आणि वहीत लिहून काढलं. ती म्हणाली मिरी, मग म्हणाली जांभळाची बी, मग थोडं थांबून, चूल विझल्यावर दुसऱ्या दिवशी राख काढताना येतो तो वास, मग, जुन्या पेटीतली साडी. जावयांना ते फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी ते वायनरीतल्या माणसाला ऐकवलं म्हणे, आणि तो म्हणाला ही वाईन पिंपात किती महिने होती ते आजींना विचारा.

आपल्याकडे मिरची यायच्या आधी, म्हणजे पोर्तुगीज ती घेऊन आले त्याच्या आधी, तिखट म्हणजे मुख्यतः मिरीच होती. काकीच्या माहेरी बाळंतिणीला आणि आजारातनं उठलेल्या माणसाला मिरीतलं मटण द्यायची पद्धत होती, त्यात लाल तिखट अजिबात नाही, फक्त आलं-लसूण, भाजलेला कांदा, खोबऱ्याचं दूध, आणि शेवटी जाडसर कुटलेली मिरी, झाकण टाकून खाली उतरवायचं. आमच्या घरात ते कित्येक वर्षं झालं नव्हतं. या थंडीत दादा यायचा आहे, जावईही येणार आहेत, तर मी काकीला म्हटलं तेच करूया. आग कमी, मिरी भरपूर, दुधाचा स्निग्धपणा, शिराझसाठी याहून चांगलं मला तरी सुचत नाही. काकी तयार झाली, पण तिच्या अटी आहेत. मटण सावंतवाडीहून आणायचं, गावठी बकऱ्याचं. मिरी पोफळीवरच्या जुन्या वेलाची घ्यायची, पन्नियूरची नको, तिला वास कमी म्हणते. मिक्सरला लावायची नाही, खलात कुटायची, आणि कुटायची ती भांडं उतरवायच्या वेळेला, आधी नाही. आणि बाटली आधी तिच्याकडे आणून द्यायची, वास बघून मिरी किती घालायची ते ती ठरवणार आहे.